मागं फिरलं तर पैसे परत मिळतील काय? ट्रेक आयोजकांना खुले पत्र

प्रति,
जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, कॅसलरॉक या पट्ट्यात पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी ‘बॅच’ घेऊन येणारे सर्व आयोजक,
बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, पुणे, बंगळूर.

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. शनिवारी आमची सकाळची शाळा सुटते तेव्हा तुमच्या मिनीबस फाट्यावरच्या हॉटेलासमोर उभ्या असतात. नंबर एमएच 09, एमएच 12, कधी केए 25. रंगीत रेनकोट घातलेली पोरंपोरी मिरची भजी खातात, फोटो काढतात आणि पाऊस वाढला की ‘वॉव’ म्हणून ओरडतात. पाऊस वाढला की आमच्या गावात कुणी ओरडत नाही, गोठ्याकडं पळतात. तो फरक असो.

या जूनमध्ये त्याच हॉटेलासमोर पाठीवर ‘लीडर’ छापलेला टी-शर्ट घातलेला एक पोरगा माझ्या पाया पडला. चार वर्षांपूर्वी माझ्याकडून दहावी होऊन गेलेला. चांगला धावायचा, लांब उडीत तालुक्याला आलेला. “सर, मी आता लीडर हाय.” मला बरं वाटलं. किती जण आणलेत विचारलं. अडतीस. सोबत अजून एक लीडर, तोही याच्याच वयाचा. दिवसाला आठशे रुपये आणि जेवण. मी विचारलं, “पाणी चढलं तर काय करूलालास?” तो हसला, मग जरा गप्प झाला. “सर, वरनं फोन येतो. कॅन्सल करू नको म्हणतात. पैसे परत द्यावे लागतात, लोक रिव्ह्यू खराब टाकतात.”

हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. तो कुणाकडं काम करतो हे मी लिहिणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे ‘आम्ही तसे नव्हे’ म्हणून मोकळे होतील.

आधीच सांगतो, बंदी घाला म्हणणारा माणूस मी नाही. फलक लागतात, नाक्यावर गाड्या अडवल्या जातात, आणि पोरं मागच्या वाटेनं, पहाटे चारला, फोनची बॅटरी लावून जातात. दिवसाउजेडी चुकली तर कुणाला तरी दिसली असती, ती अंधारात चुकतात. 2023 च्या जुलैत दूधसागरजवळ रुळांवरून चालत आलेल्या ट्रेकर्सना रेल्वेच्या पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांवर विनापरवाना जाणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, उठाबशा त्यात कुठं नाहीत. उठाबशा हा माझ्या खात्यातला विषय आहे. त्यांनी कुणी सुधारलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही.

पोरं येणारच. ती का येतात हे मात्र तुम्हाला कळलंय असं मला वाटत नाही. कळलं असतं तर तुमच्या जाहिराती वेगळ्या असत्या. ‘थ्रिल’, ‘ॲड्रेनालाईन’, ‘भीतीला हरवा’ हे शब्द तुम्ही वापरता. मार्विन झुकरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1964 मध्ये अशा उत्तेजनेची भूक मोजायची एक प्रश्नावली केली होती. तेव्हापासून सगळ्यांनी धरून ठेवलंय की काही माणसांना धोक्याची चटकच असते. असेल काहींना. पण 1990 मध्ये स्टीफन लिंग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं मांडलेली गोष्ट मला जास्त ओळखीची वाटते. तो स्वतः आकाशातून उड्या मारणाऱ्यांमध्ये वावरलेला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ही माणसं ताबा सुटण्यासाठी कड्यावर जात नाहीत. जिथं ताबा सुटायलाच हवा अशा जागी तो आपल्या हातात राहतो का, हे त्यांना बघायचं असतं. रोजच्या जगण्यात जे हातात नसतं ते तिथं थोडा वेळ हातात येतं.

आता आमच्या भागातली पोरं बघा. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आठ तास उभा राहणारा. सैन्यभरतीसाठी तीन वर्षं पहाटे पळालेला आणि उंचीत एका सेंटीमीटरनं गेलेला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, कमांडोंचं प्रशिक्षण बेळगावात. आमच्या पोरांनी लहानपणापासून दोरावरून उतरणारे जवान पाहिलेत. ज्याला त्या फाटकातून आत जाता आलं नाही तो तुमच्याकडं चौदाशे नव्व्याण्णव रुपये भरून दोराला लटकतो. मला त्याचं हसू येत नाही. मी त्यातलाच होतो.

1996 चा जुलै. वय चोवीस. बी.पी.एड. होऊन घरात बसलेलो. वडील माझ्याशी बोलायचे बंद झाले होते, म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. बेळगावातल्या आम्हा सात-आठ पोरांचा एक गट होता, त्याला नावसुद्धा नव्हतं. दोघांनी उत्तरकाशीला बेसिक कोर्स केलेला, आम्ही बाकीचे त्यांच्याकडून शिकलेले. चोर्ल्याच्या अलीकडं एक धबधबा आहे, असेल सत्तर फुटांचा. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं बॅच येईल.

सकाळी गवळी-धनगरांच्या वस्तीवर चहा घेतला. म्हातारा म्हणाला, “पाणी तांबडं झालंय. आज नको.” आम्ही म्हणालो, काका, आमचं ट्रेनिंग झालंय. तो पुढं काही बोलला नाही. शिकलेल्या पोरांशी वाद घालायची सवय त्या माणसांना नसते.

पहिले दोघे व्यवस्थित उतरले. तिसरा मी. एकेकाला पंधरा-वीस मिनिटं लागत होती, आणि तेवढ्यात वरच्या जंगलात कोसळलेलं पाणी खाली पोचलं होतं. पहिल्या दोघांना जे पाणी लागलं ते मला लागलं नाही. अर्ध्यावर असताना डोक्यावर कुणी वाळूची पोती ओततंय असं वाटायला लागलं. श्वास घ्यायचा तर मान छातीत घालावी लागत होती. कसाबसा डोहापर्यंत आलो. तिथं दोराच्या टोकाला गाठ होती.

ती गाठ आम्ही शिकल्याप्रमाणेच मारली होती. कोरड्या कड्यावर दोर संपून माणूस खाली जाऊ नये म्हणून टोकाला गाठ मारतात, आणि तिनं कितीतरी जीव वाचवलेत. पाण्यात हिशेब उलटा. उतरायच्या कडीतून दोर सुटून गेला असता तर प्रवाहानं मला पुढच्या उथळ पाण्यात नेऊन टाकलं असतं. गाठ अडकली. दोर ताठ. पडतं पाणी मला पडद्याच्या मागं, कड्याच्या पोकळीत ओढत होतं आणि दोर तिथंच धरून ठेवत होता. वर दोर झाडाला पक्का बांधलेला. धबधब्यावर दोर असा बांधायचा असतो की वजन लटकलेलं असतानाही वरच्या माणसाला तो ढिला सोडता यावा. आम्हाला ते माहीतच नव्हतं. मी शिट्टी वाजवली. त्या आवाजात शिट्टी माझी मलाच ऐकू आली नाही.

म्हाताऱ्याचा मुलगा आमच्या मागोमाग आला होता. आम्ही बोलावलं नव्हतं. तो कड्याच्या बाजूच्या फळीवर उतरला आणि त्यानं कोयत्यानं दोर तोडला. मी किती वेळ अडकलो होतो ते मला सांगता येणार नाही. वर असलेले म्हणतात सहा मिनिटं, खाली असलेले म्हणतात दोन. वाहत जाताना खडकावर आपटलो, डावा खांदा गेला. तो हात अजून कानाच्या वर जात नाही. पी.टी.च्या मास्तराचाच हात वर जात नाही म्हणून पोरं माझी नक्कल करतात, चांगली करतात.

आणि तरीही पुढच्या डिसेंबरात मी पुन्हा दोरावर होतो, एका हातानं. आईनं देवळात नेऊन शपथ घातली होती, ती मोडून. का, हे मी बरीच वर्षं स्वतःला विचारलंय. मरायची हौस नव्हती, त्या डोहानंतर तर अजिबात नव्हती. पण दोरावर असताना घरातला तो अबोला डोक्यात नसायचा. खाली कुणीतरी माझ्या गाठीवर भरवसा ठेवून उभं असायचं. चोवीस वर्षांच्या बेकार पोरावर त्या काळात दुसरं कुणीच कसला भरवसा ठेवत नव्हतं.

तुमच्या बॅचमध्ये हेच गायब आहे. तुमच्या गिऱ्हाइकाला गाठ मारता येत नाही. त्यानं मारायचीही नसते. हार्नेस दुसरा चढवतो, दोर दुसरा लावतो, उतर म्हटलं की उतरायचं आणि खाली रील तयार. धोका पुरता त्याचा, ताबा शून्य. 2025 च्या जानेवारीत गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिला घेऊन उडालेला पायलट, दोघेही दरीत पडून गेले. परवानगीशिवाय चाललेला धंदा होता. त्या मुलीनं पट्टा बांधून घेण्याखेरीज दुसरं काय करायचं होतं?

धोका म्हणजे उंची असं समजणाऱ्यांसाठी दोन आकडे देतो. अमेरिकेत 2023 मध्ये विमानातून पॅराशूटच्या सुमारे 36.5 लाख उड्या झाल्या आणि त्यात 10 माणसं गेली. नॉर्वेमध्ये क्येराग नावाचा हजारेक मीटरचा कडा आहे, त्यावरून थेट उडी मारतात. तिथं 1995 ते 2005 या अकरा वर्षांत 20,850 उड्या झाल्या, 9 माणसं गेली. म्हणजे साधारण 2,300 उड्यांमागं एक. पॅराशूट दोन्हीकडं आहे. विमान तर कड्याहून कितीतरी उंच असतं. पण विमानातून उडी मारणाऱ्याकडं चूक सुधारायला मिनिटभर वेळ आणि पाठीवर दुसरं पॅराशूट असतं. कड्यावरून उडणाऱ्याकडं काही सेकंद असतात आणि बहुतेकदा दुसरं पॅराशूट नसतंच. जिथं चूक सुधारायला सवड नाही तो खेळ जीवघेणा. या हिशेबानं आपला सत्तर फुटांचा पावसाळी धबधबा कुठं बसतो ते तुम्हीच ठरवा. डोहाला तर खेळसुद्धा लागत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडून गेल्या. पाऊस संपलेला होता आणि त्या कुठलंही साहस करायला गेल्या नव्हत्या.

आमच्या गावच्या डोहाकाठी एका दगडाला शेंदूर लावलेला आहे. आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं ठाणं. माझी आजी तिथं नारळ ठेवायची, आम्ही शिकलेली नातवंडं हसायचो. मोठेपणी लक्षात आलं की त्या दगडाच्या पलीकडं गावातलं कुणीच पोहायला जात नाही, आणि पलीकडंच पाण्याला खालून ओढ आहे.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यात धाडसी म्हणून ज्याचं नाव तुमचे लीडर घेतात तो अमेरिकी कडे चढणारा ॲलेक्स हॉनल्ड. 3 जून 2017 ला तो एल कॅपिटान हा 900 मीटरहून उंच कडा दोराशिवाय चार तासांच्या आत चढला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी त्यानं दोर लावून त्या वाटेचा वर्षाहून जास्त सराव केला होता, हे थोड्यांना ठाऊक आहे. आणि 2016 च्या नोव्हेंबरात तो दोराशिवाय चढायला निघाला, थोडा वर गेला, मनाला बरं वाटेना म्हणून परत फिरला, हे तुमच्या एकाही पोस्टरवर मला दिसलं नाही. तेव्हा कॅमेरे लावलेले होते, माणसं जमलेली होती. तरी फिरला.

उलट उदाहरण त्याच 1996 सालचं, माझ्या डोहाच्या दोन महिने आधीचं. एव्हरेस्टवर 10 आणि 11 मे या दोन दिवसांत आठ माणसं गेली. रॉब हॉल हा त्यातला एका तुकडीचा म्होरक्या, अत्यंत काटेकोर माणूस. दुपारी फार तर दोनला जिथं असाल तिथून मागं फिरायचं, असं ठरलेलं. त्याच्या तुकडीत डग हॅन्सन नावाचा टपाल खात्यातला कर्मचारी होता. आदल्या वर्षी, 1995 मध्ये, हॉलनंच त्याला शिखराच्या जवळून मागं फिरवलं होतं, आणि पुन्हा ये म्हणून पैशातही सवलत दिली होती. यंदा त्याला दुसऱ्यांदा मागं फिरवणं हॉलला जमलं नाही. हॉल शिखरावर त्याची वाट बघत थांबला, आणि हॅन्सन पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. दोघेही परतले नाहीत. त्या मोहिमेत माणशी 65,000 डॉलरच्या आसपास दर होता. जिथं इतके पैसे घेतलेत तिथं ‘चला मागं’ म्हणणं रॉब हॉलसारख्यालाही जड गेलं. माझा आठशे रुपयांचा विद्यार्थी ते म्हणेल, आणि तेही फोनवर तुम्ही असताना?

आमच्याकडं तालमीत हे कधीच सुटलेलं आहे. पोरगं आलं की आधी महिनोन्‌महिने माती उकरायची, बैठका मारायच्या. मैदानात उतरायची वेळ आली की वस्ताद जोड बघतात. वजन, उंची, दम, समोरच्याचा सराव. जोड जमत नाही म्हणाले की कुस्ती होत नाही, मग पोस्टरवर नाव छापलेलं असो नाही तर मैदान भरलेलं असो. लोक कुरकुरतात. वस्ताद पान लावत बसतात. त्या म्हाताऱ्या धनगरानं आम्हाला तेच सांगितलं होतं, आज तुमची आणि या पाण्याची जोड नाही. वस्तादाचं न ऐकणाऱ्या पोराला तालमीत दुसऱ्या दिवशी घेत नाहीत. आम्हाला मात्र कुणी अडवलं नाही.

तुमच्या बॅचला वस्ताद नाही. लीडर आहे, पण त्याच्या हातात ‘नाही’ हा शब्द तुम्ही दिलेला नाही.

म्हणून माझी मागणी हेल्मेटची नाही. हेल्मेट तुमच्याकडं आहेत, फोटोत दिसतात. पैसे घेतानाच लिहून द्या, की लीडरनं धबधब्याच्या तोंडाशी येऊन मागं फिरायचं ठरवलं तर निम्मे पैसे परत मिळतील आणि लीडरचा रोज कापला जाणार नाही. ही ओळ दराच्या शेजारी छापा, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको. गिऱ्हाइकं कमी होतील म्हणाल, तर होऊ देत. अडतीसची वीस झाली तरी दोघांना ती वीस डोळ्यांखाली ठेवता येतील.

आणि ज्या गावाच्या हद्दीत उतरता तिथला एक माणूस रोजावर घ्या. वाट दाखवायला नको, वाट तुम्हाला गुगल दाखवतं. पाणी बघायला घ्या. पाणी गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, धबधब्याचा आवाज जड झाला, की वर कुठंतरी कोसळलंय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. हे त्याला सांगावं लागत नाही. त्याचा ‘नको’ हा तुमच्या लीडरच्या ‘नको’इतकाच चालला पाहिजे. फलकांवरचा मजकूर बहुतेक कन्नडमध्ये असतो, पुण्याहून आलेल्या पोरीला तो वाचता येत नाही. कुठल्या भाषेत असावा हा आमचा जुना वाद आहे आणि तो मला इथं उकरायचा नाही. तोपर्यंत वाचून तरी दाखवा. एक मिनिट लागतं.

शेवटचं, म्हणजे माझ्या स्वार्थाचं. दोरावर कुणाला न्यायचंच असेल तर आधी त्याला चार रविवार कोरड्या कातळावर गाठी शिकवा. दुसऱ्याचा दोर धरायला लावा. महाराष्ट्र सरकारनं 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, तो वाद बाजूला ठेवू, पण तिथं वरच्या थरावर चढणारं पोरगंसुद्धा आधी कितीतरी रात्री खालच्यांच्या खांद्यावर सराव करतं. चार रविवारांनंतर तुमच्यातले निम्मे गळतील. उरलेल्यांना मी स्वतः शिकवीन, फुकट. आमच्या शाळेच्या मागं वीस फुटांचा जांभ्याचा कातळ आहे, पुरेसा आहे.

तो तोडलेला दोर माझ्या कपाटात आहे, गाठीसकट. तुमच्यापैकी कुणाला बघायचा असेल तर शनिवारी या. गाड्या फाट्यावर थांबतातच. शाळा साडेअकराला सुटते. माझ्या विद्यार्थ्याला मी बोलावलंय, त्याला त्या शनिवारी सुट्टी द्या.

आपला,
पी.टी.चा मास्तर,
खानापूर तालुका